बॅप्टिस्टची गाडी तापते तेव्हा

वटार,
४ जानेवारी २०२६

बाय ज्युली,

तुझी आजी क्लेमेंटीन बोलते आहे आणि शेजारची कॅथरिन लिहिते आहे. कॅथरिनचा जन्म पोरांना बाराखडी शिकवण्यात गेला. आता ती माझी भाषा धुऊन, वाळवून, घडी घालून कागदावर ठेवते. मी 'मेला' म्हटलं की तिचं पेन अडतं. मेला, मेला, मेला. लिहिलंस का ग? लिहिलं म्हणते. बरं.

फोनवर तुझा आवाज समुद्राच्या तळातून येतो आणि वाटेत अर्धा मासे खातात. म्हणून ही चिठ्ठी. कॅथरिन हिचा फोटो काढून पाठवील, तुझ्या जहाजाला नेट लागलं की पोचेल.

तर ऐक. तुझ्या आजोबांची, माझ्या बॅप्टिस्टची, गाडी तापते.

नाताळ झाल्यावर तुझ्या पप्पांकडे चंदनसारला जेवायला निघालो होतो. गाडी कॅथरिनचा नवरा प्लासिड चालवत होता. देवाने त्याला मिशा मन लावून दिल्या आणि बाकीचं घाईत उरकलं, हे तुला ठाऊकच आहे. विरारच्या पुलावर रांगेत उभे होतो, तर समोरचा काटा हळूहळू वर चढायला लागला, एखादं शेंदरी पाखरू माडावर चढावं तसा. मी बघत बसले. मला छान वाटत होतं. प्लासिड मात्र 'मावशी, मावशी' करायला लागला. मग पुढून वाफ निघाली, पांढरी, मऊ. सगळा पूल दिसेनासा झाला. मला वाटलं, आलं बोलावणं, आणि गाडीतूनच नेतायत म्हणजे चांगलंच आहे.

बोलावणं नव्हतं. प्लासिडने फडकं धरून पाण्याचं झाकण उघडलं आणि त्याची डावी मिशी गेली. माणूस ठीक आहे. उजव्या बाजूने बघितलं तर पूर्वीसारखाच दिसतो.

तुझ्या पप्पांना, म्हणजे आमच्या मार्कला, आयतंच निमित्त मिळालं. म्हणतो, "आई, म्हातारी गाडी आहे, एक दिवस हायवेवर तुम्हाला सोडून देईल. आणखी एकदा तापली की मी भंगारवाल्याला बोलावणार." गाडीचे कागद त्याच्या नावावर, गाडी माझ्या अंगणात. कागदाला काही कळत नाही ज्युली. मी रोज दुपारी तिच्यात जाऊन बसते. जामाच्या झाडाखाली सावली असते, काच खाली केली की समुद्राकडचा वारा येतो. डोळे मिटले की बॅप्टिस्ट गिअर टाकतो. कुठे जायचं ते मी विचारत नाही. लग्न झाल्यापासून कधी विचारलं नाही, म्हणून तर इतकं फिरले.

तू एवढ्या थोरल्या जहाजाचं इंजिन सांभाळतेस. या छोट्याचं सांग. मार्कचा हट्ट मोडायला मला गाडी थंड हवी.

तुझी आजी
(अंगठा कॅथरिनच्या निळ्या शाईचा आहे. तिला पुसून हवा होता, मी दिला नाही.)


जहाजावरून,
९ जानेवारी

लाडकी आजी,

कालपासून समुद्र इतका सपाट आहे की जहाज चालतंय हे फक्त इंजिन रूममध्ये खाली गेल्यावर कळतं. वर आलं की आपण एका जागी उभे आणि आकाशच सरकतंय असं वाटतं. तुझी चिठ्ठी मी डेकवर वाचली आणि एकटीच हसले. फिलिपिनो कुकने विचारलं, गुड न्यूज? मी म्हटलं, हो, एका माणसाची मिशी गेली.

आधी हे वाच. कॅथरिन टीचर, प्लीज मोठ्याने वाचा, प्लासिड अंकलना ऐकू जाऊ दे. तापलेल्या गाडीचं झाकण कधीही, कधीही उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं. अर्धा तास थांबायचं, हात लावून बघायचं, मगच.

आता तुझी परीक्षा. गाडी उभी असताना तापते की पळताना? रोज पाणी कमी होतं का? गाडीखाली ओलं दिसतं? मागून पांढरा धूर येतो का? ऑइलची पट्टी काढून बघायला सांग, ऑइल काळं आहे की दूध घातल्यासारखं? दूध दिसलं तर इंजिनच्या आतला पडदा, म्हणजे गॅस्केट, फाटलाय आणि मग पप्पांशी भांडणं कठीण होईल.

आणि खरं सांग, तिच्यात पाणी कुठलं घालता?

तुझी ज्युली


वटार,
१५ जानेवारी

बाय ज्युली,

पाणी आपल्या विहिरीचं. आणखी कुठलं? त्याच पाण्यावर तू वाढलीस.

तुझं पत्र वाचल्यावर प्लासिड अंगणात उकिडवा बसून गाडीच्या पोटाखाली बघत होता. मी खुर्ची टाकून त्याला बघत होते. ओलं नाही. धूर नाही. पट्टी काढली, ऑइल काळंकुट्ट. दुधाचा थेंब नाही, असं प्लासिडने तीनदा सांगितलं, जणू म्हैस आटली. गाडी उभी असताना तापते. पळताना मी झोपते, त्यामुळे माहीत नाही.

मग तुळिंजच्या संग्रामकडे नेली. संग्राम मिस्त्री बोलका माणूस. त्याची बायको माहेरी गेली आहे, मुलाला गणित येत नाही, घरमालक भाडं वाढवतो, हे सगळं त्याने सांगितलं आणि बोलता बोलता गाडीतलं पाणी सोडलं. ज्युली, तांबडं! काढ्यासारखं, वर गंजाचे चुरे. म्हणतो, "आजी, विहिरीचं पाणी खारं झालंय, आतून लोखंड खातंय." मला वाईट वाटलं. एवढी वर्षं मी तिला माझ्या हाताने पाजत होते.

मग त्याने नळी लावून आतलं धुतलं, स्वच्छ होईपर्यंत. एक पितळेचं बोटभर यंत्र काढून दाखवलं. ते आत मिटूनच बसलं होतं, उघडायचं विसरलं होतं. नवीन घातलं. आणि पाण्याऐवजी हिरवं सरबत भरलं. मला चव घ्यायची होती. संग्राम ओरडला, विष आहे म्हणून.

परत येताना बाजारात गाड्या अडकल्या होत्या. काटा अर्ध्यावर उभा. प्लासिड शिट्टी वाजवत होता, म्हणजे मिशी गेलेल्या बाजूने जेवढी वाजते तेवढी.

दुपारी गाडीत डोळा लागला. स्वप्नात आपलं बावखल आलं, पण तळं काठोकाठ भरून वाहणारं, आणि पाणी हिरवं, त्या सरबतासारखं. गाडी पाण्याखालून चालली होती. दिवे लावलेले. मासे बाजूला होऊन वाट देत होते. बॅप्टिस्ट म्हणाला, "बघ, इथे ट्रॅफिक नाही."

मार्कला कळवते की गाडी बरी झाली.

आजी


जहाजावरून,
२३ जानेवारी

लाडकी आजी,

ते पितळेचं यंत्र म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन गरम झालं की तो दरवाजा उघडतो आणि पाणी आतल्या जाळीत, रेडिएटरमध्ये, थंड व्हायला जातं. तुझा दरवाजा बंदच राहिला होता. संग्रामनी बरोबर केलं. हिरव्या सरबतात अजिबात विहिरीचं पाणी घालू नकोस. प्रेमानेसुद्धा नाही.

पण पप्पांना सांगायची घाई नको. अजून एक टेस्ट राहिली. बाजारात उभी असताना पंखा वारा देतो. हायवेवर वारा आपोआप मिळतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर काटा खाली यायला हवा. तिथे उलटा वर गेला तर समजायचं, वारा नाहीतर पाणी, दोन्हींपैकी काहीतरी कुठेतरी अडतंय. प्लासिड अंकलना सांग, सकाळी गर्दी नसताना थोडं लांब जाऊन या. पप्पांशिवाय.

तुझं स्वप्न मी पहाटेच्या वॉच ड्यूटीवर आठवत होते. आमच्या इंजिनला समुद्रच थंड करतो. बाहेरचं पाणी आत येतं, उष्णता घेतं आणि पुन्हा समुद्रात जातं. मला वाटलं, आजोबांची गाडी खालून चालली असेल तर हे कोमट पाणी त्यांच्या काचेवरून जात असेल.

ज्युली


वटार,
३० जानेवारी

बाय ज्युली,

तुझं पत्र पोचलं, पण मार्कला सांगून झालं होतं. माझ्या तोंडात गोष्ट राहत नाही, आणि कॅथरिनला दोष देता येत नाही कारण ती त्या दिवशी पापकबुलीला गेली होती. कसली पापं करते ही बाई कोण जाणे.

मार्क म्हणाला, बरी झाली तर चल, हायवेला नेऊन दाखवतो. रविवारची मिस्सा झाल्यावर तो आला. मी पुढे बसले. शिरसाडपर्यंत गाडी अशी चालली ज्युली, जशी नदीत सोडलेली केळीच्या पानाची होडी. डोंगर दोन्हीकडून जवळ येऊन बघून जात होते. ऊन कोवळं होतं. मार्क लहानपणी मागच्या सीटवर उभा राहून बापाचे कान धरायचा, ते मला आठवलं. त्याला सांगणार होते, तेवढ्यात तो म्हणाला, "आई, काटा."

मोकळा रस्ता, एवढा वारा, आणि काटा वर.

गाडी झाडाखाली लावली. वाफ नाही आली, मार्कने आधीच बंद केली. मग तो रस्त्याच्या कडेला उभा राहून फोनवर बोलला. मी ऐकलं. भंगारवाला फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी येणार. मी म्हटलं, "बाप गेल्यावर त्याची बोटंही विकशील." त्याने दोन्ही हात बॉनेटवर ठेवले आणि चटका बसला म्हणून लगेच काढले.

संग्राम येऊन बघून गेला. पुढची जाळी सैल करून आत टॉर्च मारला, हात जोडले आणि जाळी होती तशी लावली. मग म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, आतला पडदा असेल. हात का जोडले ते मला विचारू नकोस. त्याची बायको परत आली असेल.

कॅथरिन खोकते आहे. तिला खोकू दे.

काल परत स्वप्न पडलं. अर्नाळ्याच्या समुद्रावर गाडी चालली होती, वरून, लाटांवरून. वाफ निघत होती आणि तिचेच ढग होत होते. बॅप्टिस्टने नाकातोंडावर माझी जुनी शाल गुंडाळली होती. कितीदा सांगितलं काढ म्हणून, पण त्याने चाक सोडलं नाही. म्हणाला, "क्लेमे, तूच काढ ना. मला श्वास घेता येईना." मी हात पुढे केला आणि जागी झाले. हात काचेतून आत आलेल्या जामाच्या फांदीवर होता.

इंजिन न खोलता काही होतं का, बघ.

आजी


जहाजावरून,
३ फेब्रुवारी

लाडकी आजी,

मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. ऑइलमध्ये दूध नाही, धूर नाही, पाणी कमी होत नाही. मग इंजिनचा पडदा शाबूत आहे. संग्राम चुकतायत. आतून धुतलंय, म्हणजे पाणी फिरतंय. राहिला वारा. बाजारात हळू चालताना थोडासा पुरतो, हायवेवर इंजिनला जोर लागतो तेव्हा पुरत नाही.

आजी, गाडीच्या नाकाशी काय आहे?

मला एक आठवतं. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिस्सा सुटली की आजोबा चर्चच्या अंगणातच बॉनेट उघडायचे. आशीर्वादाची झावळी विणून पंख्यासारखी करायचे आणि पुढच्या जाळीच्या आत बांधायचे. लोक घरात क्रुसाच्या मागे लावतात, आजोबा गाडीच्या नाकात. म्हणायचे, हिलाच जास्त गरज आहे, प्लासिड कधीतरी चालवतो. मग पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आधी ती काढून, राख करायला चर्चच्या टोपलीत नेऊन ठेवायचे.

आजोबा गेल्यावर ती कोण काढतं?

ज्युली


वटार,
६ फेब्रुवारी

ज्युली,

झावळीचं नाव काढायचं नाही. तू इंजिनची इंजिनीअर आहेस, नाकाची नाहीस.

कोणी काढत नाही. तो गेला तेव्हाची त्याने बांधलेली तिथेच आहे. त्यानंतर दर वर्षी मी नवी आणते आणि प्लासिड तिच्याशेजारी खोचतो. एकटी कशी ठेवू तिला? आशीर्वादाची आहे, फेकता येत नाही, हे त्या संग्रामलाही कळतं. तो हिंदू माणूस, तरी हात लावला नाही.

आणि जाळायला द्यायची नाही. ती त्याने विणली. आणि गाठ त्याची आहे. तुला गाठ म्हणजे काय वाटतं? आम्ही दोघांनी या वाडीतला मोगरा गुंफून दादरच्या बाजाराला पाठवला, जन्मभर. माणूस जातो, कपडे वाटून टाकतो आपण, चष्मा कोणाला होत नाही म्हणून कपाटात राहतो. पण बोटांनी केलेलं काय राहतं? ती एक गाठ राहिली आहे. सोडली की सुंभाचा तुकडा.

कॅथरिनने हे सगळं लिहिलं आणि आता नाक पुसते आहे. मी रडत नाही. तिलाच सांग काय ते.

आजी


जहाजावरून,
१० फेब्रुवारी

आजी,

मी काही सांगणार नाही. पप्पांनाही नाही. गाडी तुझ्या अंगणात आहे आणि गाठ आजोबांची आहे, त्यात माझा काय संबंध.

फक्त एवढं करून बघ, म्हणजे मी चुकत असेन तर कळेल. प्लासिड अंकलना गाडी चालू करून ठेवायला सांग, पंख्याचा आवाज येईपर्यंत. मग तुझा हातरुमाल पुढच्या जाळीसमोर धर. पंखा आतून हवा ओढतो. वाट मोकळी असेल तर रुमाल जाळीला चिकटतो. नसेल तर नुसता लोंबतो.

आम्ही आता उत्तरेला वळलो. सकाळी पाण्यावर धुकं होतं, समुद्र कुठे संपतो ते दिसत नव्हतं. जहाजाची नाकपुडी शोधत फिरले. खरंच असते. इंजिनला हवा देणाऱ्या मोठमोठ्या जाळ्या. समोर उभी राहिले तर ओढणी आत गेली.

तुझी ज्युली


वटार,
२० फेब्रुवारी

बाय ज्युली,

तू म्हटलंस म्हणून केलं असं समजू नकोस. मला नवा रुमाल बघायचा होता, म्हणून.

प्लासिडने गाडी चालू केली. पंखा घरघरायला लागला. मी समोर रुमाल धरला. नुसता लोंबला. मी जवळ नेला. तरी लोंबला. मेलेल्या माणसाच्या नाकाशी सूत धरतात ना, तसं वाटलं मला. मी गाडी बंद करायला सांगितली, जाळी काढायला सांगितली आणि दोघा नवराबायकोला घरी पाठवलं. कॅथरिन कुंपणापलीकडे उभी राहून बघत होती. तिला वाटतं मला दिसत नाही.

मग मी पाट घेतला आणि गाडीसमोर बसले, चुलीसमोर बसावं तशी. दुपार होती. कावळासुद्धा बोलत नव्हता. आत बघितलं तर गोधडी! एकावर एक झावळ्या, त्यांच्यामध्ये बकुळीची सुकलेली फुलं, पतंगांचे पंख, धूळ, एका पाखराने अर्धवट घरटंही घातलं होतं. एवढं तोंडावर घेऊन ही बिचारी मला चर्चला नेत होती, चंदनसारला नेत होती. तक्रार केली की आम्ही तिला सरबत पाजत होतो.

मी माझ्या झावळ्या एकेक काढल्या. सगळ्यात मागे त्याची. पिवळी पडून सोन्यासारखी झालेली. आणि सुंभाची गाठ.

विळी आणली होती, पण हातात घेतली नाही. बोटांनी चाचपलं. डोळ्यांना काय दिसतं आता, बोटांना अजून दिसतं. चाचपलं आणि हसले ज्युली, एकटीच. कॅथरिनला वाटलं, म्हातारी गेली कामातून.

सुरगाठ होती.

आम्ही मोगऱ्याचे पुडे बांधायचो ना, ती. एक टोक ओढलं की मोकळी. बाजारात घाई असते, गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणून निरगाठ कधी मारायची नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं लग्न झाल्यावर. तो मुळात सुतारकाम करणारा, त्याला पक्कं बांधायची सवय. कितीदा ओरडले असेन. इतकी वर्षं मी दुपारी तिच्यात बसून जपत होते ती निरगाठ समजून, आणि मेल्याने सोडायचीच म्हणून बांधली होती. टोक बाहेर काढून ठेवलं होतं, माझ्या बाजूला.

ओढलं. सुटली.

थोडा वेळ झावळी मांडीवर घेऊन बसले. किती वेळ ते विचारू नकोस. जामावरून सावली सरकून माझ्या पायांवर आली होती आणि डोळे उघडे असून स्वप्न पडल्यासारखं वाटत होतं. कुठेतरी गाडी चालू होती. मग कळलं, प्लासिडची मोटारसायकल.

संग्रामला बोलावलं. त्याने पाण्याचा फवारा मारून आतली रेडिएटरची जाळी धुतली, तेव्हा आतून एवढा कचरा निघाला की कोंबड्या धावल्या. मी त्याला म्हटलं, "बाबा, तू हात जोडलेस तेव्हाच सांगायचं होतंस." म्हणतो, "आजी, तुमच्या देवाला बाजूला हो म्हणणारा मी कोण?" मग गाडी चालू केली आणि मी पुन्हा रुमाल धरला. धरला काय, हातातून गेला! जाळीला जाऊन चिकटला, लहान पोर पदर ओढतं तसा. प्लासिडने टाळ्या वाजवल्या.

झावळ्या मी स्वतः नेल्या चर्चला, सगळ्या. त्याचीही. टोपलीत ठेवताना हात जरा अडला. मागे बायका उभ्या होत्या, त्यांनी ढकललं.

राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळावर राख लावली. माती आहेस आणि मातीला मिळशील. मी मनात म्हटलं, ते ठीक आहे फादर, पण यात बॅप्टिस्टची किती आणि खालच्या वाडीतल्या फर्डिनंडच्या झावळीची किती? फर्डिनंडची माझ्या कपाळावर आली असेल तर बॅप्टिस्ट मला बघून घेईल. लग्नाआधी तो फर्डिनंड आमच्या विहिरीवर फार पाणी प्यायला यायचा. दिवसभर मी राख पुसली नाही. कोणाची का असेना, दोघांनाही ऊन लागू दे.

काल मार्क आला. मी त्याला काहीच सांगितलं नाही, खरंच नाही, या वेळी कॅथरिनने माझं तोंड धरून ठेवलं होतं. म्हटलं, भंगारात जाण्याआधी एकदा फिरवून आण. त्याने किल्ली घेतली. शिरसाड गेलं. काटा अर्ध्यावर. पुढे मनोरच्या बाजूला चढ लागला, ट्रकच्या मागे रखडलो, काटा अर्ध्यावर. मार्क रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होता. दोनदा त्याने काचेवर टिचकी मारली, तो अडकलाय की काय म्हणून. मी डोळे मिटले. डोंगर आले, बघून गेले. कोणीतरी गिअर टाकला. कोणी टाकला ते मी बघितलं नाही.

परत येताना म्हटलं, "शनिवारी भंगारवाला किती वाजता येतो रे?"

म्हणाला, "कोण भंगारवाला?"

बापावर गेला आहे. विसरायचं असलं की असाच विसरायचा तोही.

मला वाटेत त्याच्याकडे जेवायला थांबायचं होतं. चंदनसारला त्याच्या बिल्डिंगखाली गाडी लावली, इंजिन बंद केलं. मी दार उघडायला गेले तर म्हणाला, "आई, बस ना जरा." बसले. त्याने काच खाली केली, सीट मागे ढकलली. तिथे काय वारा येणार, सगळीकडे बिल्डिंगा. पण आला थोडा. मी त्याला ते कान धरायचं सांगितलं. त्याला आठवत होतं. म्हणाला, "पप्पा म्हणायचे, डावा ओढलास की डावीकडे वळीन." मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून मला वाटायचं हा माणूस मनाला येईल तिकडे वळतो.

मग तो बोलायचा थांबला. बघितलं तर डोळे मिटलेले, तोंड थोडं उघडं, हात अजून चाकावर.

वॉचमन लगबगीने आला, काचेजवळ वाकून म्हणाला, "क्या हुआ माँजी, गाडी गरम हो गई क्या?"

मी म्हटलं, "नाही रे बाबा. हळू बोल."

तुझी आजी
क्लेमेंटीन